चढावरचे नऊ सेकंद

चौथ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा गणिताच्या मास्तरांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि शेजारच्या सीटवर गाडी शिकवणाऱ्या वहिनींच्या डोक्यात भडका उडाला.

तसा भडका रोजचाच. पण आजची जागा वाईट होती. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ, भिंतीसारखा अंगावर येणारा. मागे सिमेंटच्या गोण्या लादलेला टेम्पो, आणि टेम्पोवाल्याचा हात जणू हॉर्नला चिकटवलेला. मास्तरांनी घाबरून किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, घरघरला, इंजिन लागलं. त्याच वेळी दारातल्या स्पीकरमधून 'ठप्प' असा आवाज आला आणि गाडीत स्मशानशांतता पसरली.

"ब्रेक सोडू नका," वहिनी म्हणाल्या. म्हणजे ओठ तेवढे हलले. मास्तरांपर्यंत काहीच पोचलं नाही.

मास्तरांनी ब्रेक सोडला.

गाडी मागे निघाली. वहिनींच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असतो, तो त्यांनी असा हाणला की मास्तरांचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन बसला. टेम्पोच्या बंपरला आणि गाडीला जेमतेम वीतभर अंतर उरलं. वहिनी बोलतच होत्या. तोंड चालू, आवाज बंद. नवव्या सेकंदाला स्पीकर पुन्हा 'ठप्प' म्हणाला आणि वाक्याचं उरलेलं शेपूट गाडीभर घुमलं, "...आणि अक्कल काय घरी खुंटीला टांगून आलात?"

मास्तरांनी चष्मा उचलून पुसला. "मॅडम, हे जरा आधी सांगायचं होतंत."

आता यावर माणसानं काय करावं? वहिनींनी दातओठ खाल्ले. गेल्या तीन आठवड्यांत ही सवयच लागली होती.

भानगड अशी होती. वर्षापूर्वी वहिनींच्या घशाचं ऑपरेशन झालं. त्याआधी त्यांचा आवाज म्हणजे दारूगोळा. त्या आपल्या विद्यार्थ्याला 'इंडिकेटर!' म्हणून ओरडल्या की समोरून येणारे तिघे-चौघेही इंडिकेटर लावायचे. ऑपरेशननं जीव ठेवला, आवाज नेला. मागे राहिली नुसती कुजबुज. वीस वर्षं शहराला गाडी शिकवलेली बाई, ती काय घरी बसून लोकर विणणार? त्यांनी गळ्याशी बोटाएवढा माइक लावला, सीटखाली अँप्लिफायर बसवून घेतला, चारी दारांत स्पीकर घातले. त्या कुजबुजल्या की गाडी बोलायची. अकरा महिने सगळं झकास चाललं.

मग गेल्या तीन आठवड्यांपासून हे नवीन खूळ. गाडी चालू करताना अँप्लिफायर मरायचा आणि नऊ सेकंदांनी जिवंत व्हायचा. नऊ म्हणजे नऊ, वहिनींनी मोजले होते. दुसऱ्या कुणाच्या गाडीत गाणं नऊ सेकंद थांबलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण शिकाऊ माणसाची गाडी बंद पडते कुठे? चढावर, चौकात, ट्रकच्या पुढ्यात. आणि त्याला ओरडायची गरज असते केव्हा? तो पुन्हा किल्ली फिरवतो तेव्हा. नेमके तेच नऊ सेकंद वहिनी मुक्या.

ड्रायव्हिंग स्कूल दोघा भावांचं. थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा, जहाजावर इंजिनात काम करायचा आणि आठ-आठ महिने घरी नसायचा. फोनवर तो म्हणाला, "तू शांत राहा." शांत तर त्या होत्याच. तीच तर अडचण होती. धाकटा, म्हणजे दीर, ऑफिसात बसून मालकी गाजवायचा. कुणा विद्यार्थिनीच्या आईनं लायसन्सच्या कचेरीत तक्रार केली, 'शिकवणाऱ्या बाईंचं ऐकूच येत नाही.' कचेरीनं कळवलं, साहेब स्वतः येऊन गाडी बघतील. उद्या अकरा वाजता. ऐकू आलं तर ठीक, नाही तर बाईंनी शिकवणं बंद.

मास्तरांना ऑफिसपाशी सोडलं तर दीर पायरीवरच उभा.

"वहिनी, टेम्पोवाल्याचा फोन आला होता. आपला नंबर गाडीवर एवढा मोठा लिहिलाय ना."

"मग?" गाडीचे स्पीकर म्हणाले.

"मी काय म्हणतो, उद्याचं नाटक हवंय कशाला? साहेबांना सांगून टाकू, तुम्ही आता काउंटरवर. फॉर्म भरायचे. डोक्यावर पंखा. ऊन नाही, धूळ नाही, कटकट नाही."

"भाऊजी, तुम्ही गाडी शिकलात ती कुणाकडून?"

"तुमच्याकडूनच, पण..."

"किती वेळा नापास झालात?"

पायरीवरच्या दोन विद्यार्थ्यांनी एकदम मोबाईलमध्ये डोकं घातलं. वहिनींनी किल्ली फिरवली. ठप्प. पुढचं जे काय त्या बोलल्या ते नऊ सेकंदांनी खाल्लं, आणि एका अर्थी बरंच झालं.

तिथून त्या तडक डॉक्टरकडे गेल्या.

हा डॉक्टर माणसांचा नव्हे. गाड्यांचा वायरमन. शेडमध्ये गाडी शिरली रे शिरली की आधी तिला सलाईन लावायची हा त्याचा नेम. सलाईन म्हणजे चाकांच्या ट्रॉलीवरचा कपाटाएवढा चार्जर, मेलेला ट्रकही उठवणारा. लाल चिमटा बॅटरीला, काळा चिमटा इंजिनच्या लोखंडाला, मग हात धुवायचे, मग विचारायचं, 'काय होतंय?' त्याच्या बापानं शिकवलेलं होतं, गिऱ्हाइकाची बॅटरी आपल्या दारात उतरता कामा नये. म्हणून नाव पडलं डॉक्टर. आणि नावाइतकाच तो चाळ्यांसाठी प्रसिद्ध होता. शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीखाली एकदा त्यानं ट्रकचा हॉर्न बसवला होता. दाढी चालू असताना. गिऱ्हाईक वाचलं, मिशी नाही वाचली.

वहिनींची ही चौथी फेरी. पहिल्या वेळी त्यानं फ्यूज बदलला, दुसऱ्या वेळी बॅटरी, तिसऱ्या वेळी अंगठ्याएवढी जाड वायर टाकली. दर वेळी शेडमध्ये गाडी पोपटासारखी बोलायची आणि फाटकाबाहेर पडली की मुकी.

"या वहिनी!" डॉक्टर हसत आला. बोनेट उघडलं, दोन्ही चिमटे लावले, हात धुतले. "काय होतंय?"

"तेच."

"लावा बघू किल्ली."

वहिनींनी किल्ली फिरवली. "एक, दोन, तीन, चार," गाडी ठणठणीत आवाजात बोलत राहिली. ठप्प नाही, काही नाही.

दारात टायर घेऊन बसलेला पंक्चरवाला म्हणाला, "अहो वहिनी, हिचा आवाज तर माझ्या बायकोपेक्षा खणखणीत आहे."

"तू तुझी हवा भर," वहिनी म्हणाल्या. पुन्हा किल्ली. पुन्हा आवाज. दहा वेळा केलं, दहाही वेळा गाडी बोलली. डॉक्टरनं खांदे उडवले.

"वहिनी, रागवू नका. पण गाडीत काही नाही. तुमचा माइक सरकत असेल. किंवा ते, म्हणजे, घाबरल्यावर माणसाचा आवाज बसतो. घशाच्या स्पेशालिस्टला..."

त्यानं ते वाक्य पुरं केलं नाही, कारण वहिनी गाडीतून उतरल्या. माइकची वायर गाडीतच राहिली. आता त्यांच्याकडे फक्त कुजबुज होती आणि डॉक्टरला ती ऐकायला अगदी जवळ यावं लागलं. तो आला. तिथं चुकला.

"चाळा करताय माझ्याशी?"

"आईशप्पथ नाही!"

"न्हाव्याशी केलात तसा? इथं आलं की बोलते, बाहेर गेलं की मरते. कुठं बटण लपवलंय? सांगा."

"वहिनी, मी चेष्टा करतो, पण गळा गेलेल्या बाईची? मी काय राक्षस आहे?"

"मग मी खोटं बोलते? तीन आठवडे? उद्या अकरा वाजता तो साहेब माझी सीट काढून घेणार आहे, आणि तुम्ही मला घसा दाखवायला पाठवताय? घसा दाखवूनच ही वेळ आली ना माझ्यावर!"

कुजबुजीतला राग ओरडण्यापेक्षा भयंकर असतो. ओरडणाऱ्याला निदान दम लागतो. पंक्चरवाल्यानं टायर हळूच आत ओढला आणि स्वतःही त्याच्यामागे गेला.

वहिनींनी बोट गाडीकडे केलं. "बसा."

"कुठं?"

"माझ्या विद्यार्थ्याच्या सीटवर. तुम्हीच चालवायची. चढावर."

डॉक्टरचा चेहरा उतरला. तो मागे वळून शेडमध्ये बघू लागला, जणू आतून कुणी वाचवायला येणार आहे. "मी गाड्या दुरुस्त करतो, वहिनी. चालवत नाही."

"म्हणजे?"

आतून पंक्चरवाल्याचा आवाज आला, "त्याला येत नाही! शेडमध्ये पुढं-मागं करतो नुसता. बावीस वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही हं, डॉक्टर."

"आत्ता काय केलंस मग?" डॉक्टर कळवळला.

वहिनींच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी उजळलं. हसू नव्हे, त्याचा रागीट चुलतभाऊ. "चिमटे काढा. बोनेट लावा. बसा."

चढापर्यंत त्यांनी त्याला पहिल्या गिअरमध्ये आणला. स्पीकरमधून सूचनांचा पाऊस पडत होता. "क्लच हळू. हळू म्हटलं, उंदीर मारायचा नाहीये. समोर बघा, मीटरकडे काय बघताय, सिनेमा लागलाय का? डावीकडे सायकल. अहो सायकल! दिसते ना? मग तिला जगू द्या." डॉक्टर घामानं निथळत होता. शहरातल्या अर्ध्या गाड्यांची आतडी ज्यानं बाहेर काढून परत भरली होती, तो स्टिअरिंगला बुडणाऱ्यानं ओंडक्याला धरावं तसा धरून बसला होता.

चढाच्या मध्यावर वहिनी म्हणाल्या, "ब्रेक दाबून ठेवा. आता गाडी बंद करा."

केली.

"चालू करा."

स्टार्टर कण्हला, घरघरला. इंजिन लागलं. ठप्प.

डॉक्टरनं आधी स्पीकरकडे पाहिलं, मग वहिनींकडे. त्यांचे ओठ भराभर हलत होते. काय म्हणतायत? पुढं जा? थांबा? गिअर टाका? त्याचा पाय ब्रेकवरून थोडासाच सरकला आणि गाडी मागे निघाली.

"वहिनी! काय करू? अहो वहिनी!"

वहिनी बोलत होत्या. हाताची घडी घालून, शांतपणे, सविस्तर. मागे रस्ता रिकामा होता आणि खाली वाळूचा ढीग होता, हे त्यांनी आरशात आधीच बघून घेतलं होतं. राग कितीही असला तरी वीस वर्षांचा सराव त्याच्याहून जुना होता. त्यांचा पाय त्यांच्या ब्रेकवर अलगद टेकलेला होता. पण डॉक्टरला ते ठाऊक नव्हतं. त्याला फक्त उलटी पळणारी झाडं दिसत होती आणि शेजारी एक बाई, जी त्याचा जीव वाचवणारं वाक्य बोलत होती आणि ते त्याला ऐकू येत नव्हतं.

"बोला ना! मोठ्यानं बोला!" तो किंचाळला.

सातव्या सेकंदाला वहिनींनी ब्रेक दाबला. आठव्याला हँडब्रेक ओढला. नवव्याला स्पीकर म्हणाला, "...हेच मी तीन आठवडे सांगतेय."

डॉक्टरनं स्टिअरिंगवरची बोटं एकेक करून सोडवली. मग तो एका वेगळ्याच आवाजात म्हणाला, "वहिनी, चुकलो."

"चुकलात ते मला माहीत आहे. कुठं चुकलात ते शोधा."

तिथंच, चढावर, चाकामागे दगड लावून त्यानं बोनेट उघडलं. खिशातून व्होल्टमीटर काढला. "शेडमध्ये होत नाही, इथं होतं," तो स्वतःशीच पुटपुटला. "गाडी तीच. बॅटरी तीच. तुम्ही त्याच. मग शेडमध्ये जास्तीचं काय असतं?"

"तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"मी तर इथंही आहे."

"मग तुमची ती सलाईन."

डॉक्टर थबकला. वर्षानुवर्षं तो चिमटे लावून मग विचारत आला होता, काय होतंय. रोग्याला आधी औषध पाजायचं आणि मग नाडी बघायची. नाडी चांगलीच लागणार. त्यानं कपाळावर हात मारून घेतला, हाताला ग्रीस होतं, ते कपाळाला लागलं, आणि वहिनींनी ते त्याला सांगितलं नाही.

"किल्ली मारा," तो म्हणाला. बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला. स्टार्टर फिरताना साडेबारा व्होल्टचे पावणेअकरा झाले. "एवढं चालतं. स्टार्टर ओढतोच. आता मागे." तो सीटखाली वाकला, अँप्लिफायरच्या टोकांना मीटर लावला. "मारा."

मीटर सातवर आला. ठप्प.

"बॅटरीत पावणेअकरा, इथं सात. मधले पावणेचार कुणी खाल्ले?" आता तो धावत होता. मीटरचं एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. "इथं काही दिसायलाच नको, वहिनी. दोन्ही एकच पाहिजे. मारा."

मीटरनं साडेतीनच्या वर उडी मारली.

बॅटरीची काळी वायर जिथं गाडीच्या अंगाला बोल्टनं आवळतात, तिथं तो वाकला. तिथं सगळं पिवळंधमक होतं. तीन आठवड्यांपूर्वी दिरानं हौसेनं स्कूलच्या सगळ्या गाड्या रंगवून घेतल्या होत्या, बोनेटच्या आतूनसुद्धा. वायरीचं टोक त्या रंगावर बसवून वर बोल्ट पिळला होता. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेवढी झिरपेल तेवढीच. एरवी तेवढ्यावर भागायचं, पण स्टार्टरनं घोट घेतला की अँप्लिफायर उपाशी, आणि एकदा मेला की पुन्हा उठायला त्याला नऊ सेकंद लागायचे. आणि सलाईनचा काळा चिमटा सरळ इंजिनला लागायचा, म्हणजे तो ही जागा टाळूनच जायचा.

"रंग दिराचा," वहिनी हळूच म्हणाल्या. "बोल्ट कुणाचा?"

डॉक्टरनं पान्हा खाली ठेवला. रंगकाम झाल्यावर बॅटरी कुणी बसवली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"माझा."

वहिनींना वाटलं होतं, चोर सापडला की राग उतरेल. तो उतरला नाही, उलट त्याला आता बसायला जागा मिळाली. एक बोल्ट! एका बोल्टपायी त्या तीन आठवडे वेड्या ठरल्या, भित्र्या ठरल्या, म्हाताऱ्या ठरल्या. सगळ्यांनी त्यांच्या घशात बोट घातलं, बोनेटमध्ये कुणी घातलं नाही.

"घासा," त्या म्हणाल्या. "चकचकीत दिसेपर्यंत घासा. मी बघत उभी आहे."

डॉक्टरनं पॉलिश पेपर काढला आणि घासला. लोखंड आरशासारखं होईपर्यंत घासला. वायरीचं टोक घासलं, बोल्ट घासला. उत्साहाच्या भरात शेजारचा एक निष्पाप बोल्टही घासला. मग आवळलं. वहिनींनी माइक लावला आणि किल्ली फिरवली. स्टार्टर या वेळी कण्हला नाही, झटक्यात फिरला. आणि त्या झटक्याच्या आरपार त्यांचा आवाज आला, न तुटता, न अडखळता, डॉक्टरच्या खानदानाविषयी बरीच माहिती देत. डॉक्टर मान खाली घालून ऐकत राहिला. मध्येच म्हणाला, "स्पष्ट येतंय हो, वहिनी."

दुसऱ्या दिवशी अकराला साहेब आले. काटकुळे, कमी बोलणारे, हातात पॅड. दीर त्यांच्या मागेपुढे करत होता. "साहेब, आम्ही त्यांना काउंटरवर घ्यायला तयार आहोत, म्हणजे कुणाला त्रास नको."

"बघू," साहेब म्हणाले आणि ड्रायव्हरच्या सीटवर स्वतः बसले. चढावर त्यांनी मुद्दाम गाडी बंद पाडली. एकदा. दोनदा. दोन्ही वेळा वहिनी बोलत राहिल्या, साहेब पॅडवर काहीतरी लिहीत राहिले. तिसऱ्या वेळी साहेबांनी हँडब्रेक न ओढताच ब्रेकवरचा पाय उचलला आणि किल्लीला हात घातला. हेही मुद्दाम केलं की विसरले, देव जाणे.

किल्ली फिरली, स्टार्टर गरगरला, आणि त्याच क्षणी चारी दारांतून आवाज कडाडला, "हँडब्रेक! आधी हँडब्रेक, मग किल्ली! इतकी वर्षं लायसन्स वाटताय ना?"

साहेबांनी हँडब्रेक असा ओढला की तो हातात येतो की काय वाटलं. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवर दिराचा श्वासही थांबला होता.

साहेबांनी पॅड मांडीवर घेतलं. "ऐकू येतंय," ते म्हणाले, सही केली, आणि कागद वहिनींच्या हातात दिला. दिराच्या नाही.

ऑफिसपाशी उतरल्यावर साहेब निघून गेले तसा दीर खिडकीपाशी आला. छाती फुगलेली. "बघितलंत ना वहिनी? मी साहेबांना आधीच घोळात घेतलं होतं, म्हणून निभावलं."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खिडक्या चारही उघड्या होत्या.

"भाऊजी," सगळी गल्ली म्हणाली, "बोनेटच्या आत रंग मारायला कुणी सांगितलं होतं?"

समोरच्या दुकानातून दोन डोकी बाहेर आली. दीर म्हणाला, "वहिनी, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. तीन आठवडे मी हळूच बोलत होते. कुणाला ऐकायची गरज वाटली नाही." एवढं म्हणून त्यांनी बटण परत जागेवर आणलं, कारण फुटपाथवर पुढची विद्यार्थिनी येऊन उभी होती. गोल चेहऱ्याची नर्स, ड्यूटीवरून थेट आलेली, पर्स पोटाशी घट्ट.

ती सीटवर बसली. पट्टा लावला. आरसा सरळ केला, परत वाकडा केला.

"मॅडम, एक विचारू? बाकीचे म्हणतात, तुम्ही फार रागावता."

"खरं आहे."

"म्हणजे गाडी बंद पडली तर?"

"पडली तरी. न पडली तरी."

नर्सनं पट्टा पुन्हा ओढून बघितला. "आणि... काय म्हणता रागावल्यावर?"

"किल्ली फिरवा," वहिनी म्हणाल्या. "ऐकू येईल."